अलीकडचं, पलीकडचं

बाई खुर्चीवर बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. वाचनालयात त्यांच्यासाठी एक लाकडी खुर्ची होती, हाताची, चांगली मजबूत. तिच्यावर वर्तमानपत्रं बसायची आणि बाई उभ्या. डबा उभ्यानं खायच्या, सही उभ्यानं करायच्या. कोणी मोठं माणूस आलं तर त्याला बसा म्हणायच्या आणि आपण दारात जाऊन रस्ता पाहत राहायच्या. एका जागी उभ्या असल्या तरी पाय हलत असायचे, शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईसारखे.

त्या बाई आता अकोल्याला भाच्याच्या घरी पलंगावर पडून आहेत. खुब्याचं हाड मोडलं होतं, ते बसवलं. डॉक्टर म्हणतात, काठी घेऊन चाला, आता चालल्या नाहीत तर पुढं चालणं व्हायचं नाही. बाई चालत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडतात. आणि इकडे आमच्या गावात, तेल्हाऱ्यात, त्यांची पुस्तकं ज्या घरात होती त्या घरातच अडकली आहेत. रोज कोणी ना कोणी माझ्या भाजीच्या दुकानाशी येऊन विचारते, बाईचं काय? मी नुसती मान हलवते. मला फारसं बोलता येत नाही. पण जीव थाऱ्यावर राहत नाही. मेथीच्या जुड्या बांधते त्या सुटतात. म्हणून हे लिहून पाहते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

आमचं वाचनालय बसस्टँडजवळ एका खोलीत आहे. कमिटी आहे, अध्यक्ष आहेत, बाहेर निळी पाटी आहे. बाई तिथल्या ग्रंथपाल. पण बाईंना गाठायला वाचनालयात गेलेलं माणूस बहुतेक वेळा कुलूप पाहून परत यायचं. कुलपाला दोऱ्यानं पुठ्ठा बांधलेला असे. त्यावर बाईंच्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं: वाचनालय बाहेर गेले आहे. गावात कुठेतरी सापडेल.

माझी त्यांची ओळख सापडण्याचीच. मी दुकानात बसले होते. एक उंच बाई, खांद्याला खाकी झोळी, एका पायातल्या चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वांगी हातात घेतली, ठेवली. मग एकदम विचारलं, "कितवी शिकली वो?"

चौथी, असं मी जमिनीकडे पाहून सांगितलं. भाव विचारल्याशिवाय माणसानं शाळा विचारलेली मला पहिल्यांदाच. त्यांनी झोळीतून एक पुस्तक काढलं आणि माझ्या टोपल्यात सांबाराच्या जुड्यांखाली सारून दिलं. पुण्याकडच्या लोकांना सांगावं लागतं की आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मला वाचता येत नाही हो धड, असं मी म्हणेपर्यंत बाई चार दुकानं पुढं गेल्या होत्या. वांगी घेतलीच नाहीत.

तेव्हापासून माझं नाव चौथी पडलं. बाई सगळ्यांना शाळेवरून हाक मारायच्या. पिठाच्या गिरणीवाली सातवी, एक शिंपीण दहावी नापास. आमच्या गावात एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना बाई भर रस्त्यात "ओ सतरावी" म्हणायच्या. कोणाला राग यायचा नाही, कारण डॉक्टरीणबाईला जी हाक, तीच मला. एकाच शाळेतल्या वेगवेगळ्या वर्गात बसल्यासारखं वाटायचं.

ते पहिलं पुस्तक मी न वाचता परत केलं. जाड होतं. घरात सासूबाई होत्या तेव्हा. मांडीवर भाजीचं सूप असलं तर सून कामात आहे असं दिसतं, मांडीवर जाड पुस्तक असलं तर घरातली सगळी कामं एकदम आठवतात. बाईंनी खोदून विचारलं म्हणून एवढं सांगितलं. त्या ऐकून निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात तेच पुस्तक घेऊन आल्या, पण ते अर्धंच होतं.

त्यांनी ते कापलं होतं. पुस्तक म्हणजे पानांचे छोटे छोटे गठ्ठे दोऱ्यानं एकमेकांना शिवलेले असतात, हे मला त्यांनीच दाखवलं. मधला दोरा पातीनं कापायचा, दोन भाग करायचे, प्रत्येकाला पुठ्ठा लावून दाभणानं शिवायचं. दोन्ही भाग वहीएवढे. डब्याच्या पिशवीत मावतात, पिठाच्या डब्यामागे मावतात, पोत्याखाली तर कुठंही मावतात. कापायचं ते शिवणीवर, गोष्ट कुठं आली आहे ते पाहायचं नाही. म्हणून माझ्या पहिल्या अर्ध्या पुस्तकाचं शेवटचं पान असं संपलं होतं: तिने दार उघडले आणि.

मी दोन दिवस भाजी विकली आणि ती दारातच उभी.

अध्यक्षांना हे कळलं तेव्हा मोठी बैठक झाली. अध्यक्ष सज्जन माणूस, निवृत्त मास्तर, पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. सरस्वतीवर पाती चालवली, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "भाकर तोडल्याबिगर खाता येते का तुमाले?" आणि बैठक संपायच्या आत झोळी घेऊन निघून गेल्या.

पुढं गावातल्या बाया पहिल्या भागाला अलीकडचं आणि दुसऱ्याला पलीकडचं म्हणू लागल्या, नदीच्या काठांसारखं. बाईंचा एकच नियम होता. अलीकडचं त्या स्वतः दारात आणून देणार. पलीकडचं पाहिजे तर ते ज्या घरी असेल त्या घरी आपण जायचं, आपलं त्यांना द्यायचं, त्यांचं आपण घ्यायचं. बाई आणून देणार नाहीत. वाचनालयात येऊन कोणी मागितलं तर बाई नुसतं घर सांगायच्या.

मला हा नियम म्हणजे शिक्षा वाटायची. मी लोकांच्या दारात जाणारी नाही. माझं माहेर बाळापूर. लग्न होऊन इथं आले ते घर, मळा आणि हे दुकान, एवढंच गाव मला माहीत. बाईंनी सांगितलं, पलीकडचं शोभाताईकडे आहे, बुद्धविहाराच्या मागं, अंगणवाडीत मदतनीस आहे ती. त्या बाजूला मी कधी गेले नव्हते. शोभाताई माझ्याकडून भाजी न्यायच्या, हातात पिशवी घ्यायच्या, जायच्या. आमच्या घरातलं कोणी त्यांच्या घरी पाणी प्यायलेलं मी पाहिलं नव्हतं आणि हे का, असा विचारही केला नव्हता.

चार दिवस काढले. पण गोष्टीतली ती दारात उभीच होती. शेवटी दुपारी दुकान झाकून गेले. शोभाताई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला पाहून त्यांना वाटलं, भाजीची उधारी मागायला आले. पदराखालचं अलीकडचं पाहिलं तेव्हा हसल्या. म्हणाल्या, आत या. मी म्हटलं, राहू द्या. त्या म्हणाल्या, "चहा घेतल्याबिगर पलीकडचं भेटत नाही अठी." मी चहा घेतला. पहिला घोट घेईपर्यंत शोभाताई मुद्दाम तांदळातच पाहत होत्या, हे मला कळलं. मग त्यांनी हळूच विचारलं, सांगू का दार उघडल्यावर काय झालं? मी घाईनं नको म्हटलं. त्या घरात मी मोठ्यानं बोललेला तो पहिला शब्द.

घरी येऊन हे मी सांगितलं नाही. पण पुढं आमचं जाणंयेणं सुरू झालं ते झालंच. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात अंग पुसायला शोभाताई यायच्या. शोभाताईला उशीर झाला की सासूबाई दाराकडे पाहायच्या.

पुस्तक परत आलं की बाई ते उलटं धरून झटकायच्या. त्यातून काय काय पडायचं. टिकलीचं पाकीट, एसटीचं तिकीट, केसातली पिन, सुकलेला मोगरा. त्यावरून कोण कुठपर्यंत पोचली होती ते त्यांना कळायचं. माझ्या पुस्तकातून मेथीचं पान पडायचं. पडलेली वस्तू बाई फेकायच्या नाहीत, त्याच पानात परत ठेवायच्या. पुढच्या बाईला कळू द्या, म्हणायच्या, इथं कोणी थांबलं होतं. माझ्या हातातून गेलेल्या पुस्तकांना त्या नाकाशी धरायच्या आणि "सांबाराचा वास येते" असं तक्रारीच्या सुरात सांगून दुसऱ्या बाईच्या हातात द्यायच्या.

कापूस वेचायचे दिवस आले की गावातल्या निम्म्या बाया वावरात. तेव्हा कुलपावरच्या पुठ्ठ्यावर बाई फक्त एक शब्द बदलायच्या: वाचनालय वावरात गेले आहे. वेचणाऱ्या बायांच्या ओळीपुढं बाई उलट्या चालत मोठ्यानं वाचायच्या आणि काटेरी कुंपणात जाऊन अडकायच्या. एका शेतमालकानं बायांना दटावलं, वेचा नाहीतर ऐका. बाईंनी पुस्तक कमरेला खोचलं, पदराची ओटी बांधली आणि कापूस वेचत वेचत पुढची गोष्ट तोंडानं सांगितली. मालक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता. गोष्ट संपल्यावर त्यानं विचारलं म्हणतात, हे खरं झालं होतं का? "तुमाले काय वाटते?" एवढं बोलून बाई पुढच्या वावराकडे गेल्या.

ठेवलेलं पुस्तक आंबते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं वाचनालयात कपाटं रिकामी. आणि तिथंच घोटाळा झाला.

वाचनालयाची सरकारी तपासणी असते. अमरावतीहून साहेब येतात, कपाटं पाहतात, त्यावर वाचनालयाचा वर्ग ठरतो. वर्ग गेला की मदत गेली, मग कमिटी खोली दुसऱ्या कामाला देणार हे ठरलेलं. अध्यक्षांनी बाईंना सांगितलं, आठवडाभरासाठी तरी पुस्तकं गोळा करा. बाई म्हणाल्या, लोकांच्या हातातलं मी काढत नाही. तेव्हा अध्यक्षांनी ऑटोवर भोंगा लावून गावभर फिरवला. वाचनालयाची पुस्तकं ताबडतोब जमा करावीत, अन्यथा कारवाई होईल.

अध्यक्षांना वाटलं, आता रांग लागेल. पण एक पुस्तक आलं नाही. झालं असं की भोंगा ऐकून प्रत्येक बाईनं आपलं अर्धं पुस्तक काढून पाहिलं. उरलेलं अर्धं कुठं, असं विचारलं तर काय सांगायचं? सरकारी पुस्तक आपण कापलं असं आपल्याच माथी येईल. गिरणीवाल्या सातवीनं तिचं कोंड्याच्या पोत्यात घातलं. कोणी देव्हाऱ्यामागे ठेवलं. दहावी नापासनं उशीच्या अभ्र्यात शिवून टाकलं. बदलाबदली थांबली. मीही माझं पोत्याखाली दाबून बसले होते, आणि माझं पुन्हा मधल्याच ओळीत अडकलं होतं.

साहेब आले. कपाटं उघडली, पुस्तकं कुठं आहेत, म्हणाले. अध्यक्ष घाम पुसत होते. बाई म्हणाल्या, "चाला, दाखवते."

भर दुपारी बाई पुढं, साहेब आणि अध्यक्ष मागं, असे गावात निघाले. नंतर अध्यक्षांनीच हे सगळ्यांना सांगितलं. पहिल्या घरी बाई हाक मारतात, ओ सातवी, पुस्तक दाखव. सातवी म्हणते, कोठचं पुस्तक? मले तर सही करता येत नाही बापा. दुसऱ्या घरी तेच. साहेबांना चहा प्रत्येक घरात, पुस्तक एकाही घरात नाही. शोभाताईनं तर चहाबरोबर चिवडा दिला आणि साफ नाही म्हणाली. साहेबांना आधी वाटलं, बाई खोटं बोलत आहेत. मग वाटलं असावं, बाईचं डोकं फिरलेलं आहे. बाईंचं चालणं हळू झालं. त्यांना अशा चालताना गावानं कधी पाहिलं नव्हतं. वाचनालय आपल्या डोक्यातच होतं की काय, असं त्यांना त्या दुपारी वाटलं, हे त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं.

माझ्या दुकानाशी त्या आल्या त्या काही विचारायला नाही. सावलीला आल्या. साहेब आल्याचं मला माहीत नव्हतं आणि अध्यक्ष अजून मागं राहिले होते. मी पाहिलं ते एवढंच, की बाई आल्या आहेत आणि त्यांच्या बरोबर खांद्याला झोळी लावलेला एक परका माणूस आहे. मला वाटलं, बाईंनी नवा वाचणारा पकडला. इतक्या दिवसांनी कोणीतरी आपण होऊन दारात आलं. मी पोत्याखाली हात घातला, अलीकडचं काढलं आणि त्यांच्यापुढं धरून म्हटलं, "पलीकडचं आनलं का?"

साहेब माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांनी ते घेतलं, उघडलं. मेथीचं पान खाली पडलं. त्यांनी वाकून ते उचललं आणि कुठल्या पानात होतं ते शोधत बसले. शेवटचं पान वाचलं. मग मलाच विचारलं, "पुढे काय होतं?"

"थे ज्याच्याजवळ हाय त्याच्या घरी जावं लागते," मी म्हटलं.

अध्यक्ष हसले, मग साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. त्या मला निरखून पाहत होत्या. "तुले बोलता येते होय वो," म्हणाल्या.

यामुळं वाचनालय वाचलं असं झालं नाही. साहेबांना कपाटं रिकामी दिसली ती त्यांनी तशी लिहिली आणि वर्ग गेला. कमिटीनं खोली स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना अभ्यासाला दिली. तिथं आता टेबलं आहेत, पंखे आहेत, पोरं मान खाली घालून बसलेली असतात. चांगलंच आहे ते. बाईंना एक कपाट आणि ती खुर्ची ठेवली. बाईंना काही फरक पडला नाही. त्या खोलीत होत्याच कधी? कमिटी अख्खी पुस्तकं द्यायची, बाई कापायच्या, आम्ही बदलायचो. तपासणीनंतर बाया लाजल्या होत्या, म्हणून उलट जास्त फिरू लागल्या. पलीकडचं आणायला आता शेजारच्या अडसूळ गावापर्यंत जाऊ लागल्या.

मग बाई पडल्या. चालत्या एसटीतून उतरत होत्या. गाडी थांबेपर्यंत त्यांना कधी धीर नव्हताच.

भाचा चांगला मुलगा आहे. अकोल्याला नेलं, इलाज केला, खिडकीजवळ पलंग दिला. नवी पुस्तकं आणून उशाशी रचली. शोभाताई आणि मी भेटायला गेलो तेव्हा ती तशीच होती, एकही उघडलेलं नाही. "आणलेलं कोन वाचते?" असं आत्या म्हणते, भाचा सांगत होता. बाईंनी आमच्याकडे पाहिलं. कोणाचं पुस्तक कोणाकडे गेलं, कोण कुठं अडलं आहे, काही विचारलं नाही. पांघरुणाखाली पाय पाहिले मी. हलत नव्हते. परतीच्या गाडीत शोभाताई म्हणाली, माणूस आपल्याले सोडून चाललं की आधी विचारनं सोडते.

परत आल्यावर मी वाचनालयातल्या त्या एका कपाटातून एक नवं, न कापलेलं पुस्तक घेतलं. पहिल्यांदा स्वतः वाचलं, हळूहळू, सबंध. मग पाती घेतली. हात बसावा म्हणून आधी पालकाच्या दोन जुड्या उगाच कापून पाहिल्या. मी शिवणीवर नाही कापलं. ज्या पानाच्या शेवटच्या ओळीशी वाचताना माझा श्वास अडकला होता, बरोबर तिथं कापलं. दाभणानं शिवलं. अलीकडचं घेऊन एकटी अकोल्याला गेले आणि बाईंच्या उशाशी न ठेवता हातात दिलं.

बाईंनी ते फिरवून पाहिलं. शिवणीवरून बोट नेलं. "टाका वाकडा हाय," म्हणाल्या. मग शेवटचं पान उघडलं आणि कपाळाला आठी पडली. "शिवनीवर नाही कापलं तू." मी निघून आले. फाटकातून बाहेर पडताना वाटलं, परत जाऊन माफी मागावी. मागितली नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं, आणि परवा भाच्याचा फोन आला. आवाज इतका खूश, की मलाच अपराध्यासारखं झालं. आत्यानं सगळं वाचलं, म्हणाला, सारखं पलीकडचं पलीकडचं चाललं आहे. मी मोटरसायकलवर येतो आणि घेऊन जातो, कोणाजवळ आहे सांगा.

मी आजवर कोणाला नाही म्हटलेलं नाही. गिऱ्हाइकानं भाव पाडला तरी मान हलवते. फोन धरून उभी राहिले. समोर पोत्याखाली पलीकडचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "तुमी येऊ नोका. ज्याले वाचाचं त्यानं यावं."

मागून बाईंचा आवाज आला, काय म्हनते थे? त्यानं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "तिले म्हना, नियम कोनाले शिकवून राहिली?" आणि नंतर काहीतरी जोरात वाजलं. फरशीवर काठी टेकल्याचा आवाज होता की कोणी पडल्याचा, मला कळलं नाही. फोन बंद झाला.

ती रात्र मी कशी काढली ते लिहीत नाही. सकाळी भाच्याचाच फोन. आत्या तुमच्याशी बोलायचं नाही म्हणते, म्हणाला. पण फाटकापर्यंत गेली. भिंत धरून, काठी आपटत, तुम्हाला शिव्या देत. फाटकाशी उभी राहून विचारत होती, तेल्हाऱ्याची गाडी कुठून सुटते.

म्हणून आज दुकानात माझं चित्त नाही. बसवत नाही. सकाळपासून उभीच आहे. शोभाताई भाजी न्यायला आली तेव्हा तिनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि हसली. मी खाली पाहिलं तर पाय हलत होते. अकोल्याची गाडी वळणावर दिसली की हात आपोआप पोत्याखाली जातो. लोक उतरतात, पिशव्या उतरतात. गाडी पुरती थांबायची वाट मी पाहत नाही, त्याच्या आधीच दाराकडे पाहते.